तिरका गुणाकार

उत्तरेश्वर पेठेत आमचा डंक.
मार्च लागला की अख्खी गल्ली शिंकायची
आणि मी नाकाला ओढणी बांधून वहीत लिहायची:
नाव, मिरची, लसूण, मीठ, मजुरी.

चौगल्यांच्या जावा त्या साली पहिल्यांदा
वेगवेगळ्या रिक्षांतून आल्या.
थोरल्या शेवंताकाकी: मिरची पाच किलो,
ब्याडगी तीन, संकेश्वरी दोन.
लसूण साडेसातशे ग्रॅम, मीठ किलोभर.
दोन दिवसांनी रत्नप्रभाकाकी: मिरची दोन किलो,
लसूण तीनशे, मीठ साडेचारशे.

सोमवारी थोरल्या परत. डबा विसरल्याचं निमित्त.
"तुझ्या वहीत बघ की गं, नसीम.
सासूबाईंचं माप तिनं तसंच ठेवलंय, का मोडलंय?"

नववीचं पुस्तक गल्ल्याखालीच होतं.
पाच गुणिले तीनशे, पंधराशे.
दोन गुणिले साडेसातशे, पंधराशे.
"लसूण तोच हाय, काकी."
त्यांनी पदर खोचला, सोडला, परत खोचला.
मग मीठ.
पाच गुणिले साडेचारशे, बावीसशे पन्नास.
दोन गुणिले हजार, दोन हजार.
"मीठ जुळंना. पन्नास ग्रॅम जादा हाय."
"तरी म्हटलं!" असं म्हणाल्या खऱ्या,
पण जिंकलेल्या माणसासारखं नाही.
"येतो गं मी," म्हणून निघाल्या.
डबा पुन्हा विसरला.

धाकट्या हळद कांडायला आल्या
तेव्हा डंकाच्या दणदणाटात मी ओरडूनच विचारलं.
"अगं, आता खाणारी दोन तोंडं.
डबा लवकर सरंना. मीठ कमी पडलं तर
बुरा येतोय की चटणीला."

रात्री मागच्या पानावर
कुणी न सांगता आणखी एक मांडलं:
थोरल्यांकडं सात माणसं, पाच किलो.
धाकट्यांकडं दोन माणसं, दोन किलो.
पाच दुणे दहा. साती दुणे चौदा.
दीड किलोच्या आत भागलं असतं त्यांचं.
वरची अर्धा किलो कुणाची?
समान नाही, असं लिहून
खाली दोन रेघा ओढल्या.

अब्बा म्हणाले, "वजन केलं, पैसं घेतलं, झालं.
लोकांच्या डब्यात तोंड घालायचं न्हाई."

गणपतीच्या आधी
शेवंताकाकींचा बारका पोरगा
दुकानासमोरनं सायकल मारत गेला,
चुलतीच्या घराच्या दिशेनं.
हँडलला पिशवी, पिशवीत रिकामा डबा.
खड्ड्यात चाक गेलं की
झाकण वाजत होतं.