झाडलोट

हुपरीत आमची गल्ली जागी होते ती घुंगरांनी.
मी डाक देते. एका पैंजणाला बेचाळीस.
बत्ती हातात, नजर जाळावर,
आणि कस्तुरी माझ्या पाठीला पाठ टेकून
डबीचं झाकण चोखत बसलेली.
अख्खा ढीग फरशीवर ओतला
तरी तिची पाठ हलली नाही.
चौदा महिन्यांची होती.
मला वाटलं, पोर गुणाची आहे, दचकत नाही.

कोल्हापुरात डॉक्टरांनी कागदावर आकडा लिहिला.
बोलले नाहीत, नुसता लिहिला,
जणू मलाही ऐकू येत नाही.
परतीच्या एस्टीत मी शून्यं मोजत आले.
तिनं माझ्या गळ्यावर हात ठेवलेला,
तिची सवय ती, मी बोलतेय का बघायची.
मी बोलत नव्हते.

दिरानं फ्लेक्स करायला घेतला.
फोटोवाला म्हणाला, हसणारा नको, वहिनी,
हसणाऱ्या पोरीला कोण देणार?
त्यानं फुगा दाखवला, काढून घेतला,
ती आणखीच हसली.
तोच लागला चौकात,
कुणा दादांच्या वाढदिवसाला खेटून.
निम्म्या गावानं तिलाच शुभेच्छा दिल्या.

पैसे आले. येतात तसे.
शेठनं दिले, मजुरीतून कापायच्या बोलीवर.
भावाच्या तालमीनं पेठेतल्या मॅचला डबा फिरवला,
हरलेल्या बाजूचा जड निघाला.
चुलत सासऱ्यांनी पाचशे दिले
आणि पाच हजारांचा उपदेश.
माहेरहून एक पोतं शेंगा.
वहीत मी शेंगाही मांडल्या.

तरी खड्डा होताच.
तेव्हा पलीकडची जरीना म्हणाली,
ह्या वर्षाची झाडलोट कुणी विकू नका गं.

चांदी ठाऊक नाही त्याला सांगते:
आमच्यात केर टाकत नाहीत.
कानशीचा कीस, डाकेचे थेंब, पदराला लागलेली चकाकी,
सगळं फळीवरच्या डब्यात जातं.
बाईच्या हाताला वर्षाकाठी येणारा तो एकच पैसा,
नवऱ्याला न विचारता खर्चायचा.

एकतीस डबे आले.
उंबऱ्यावर ठेवले न् गेल्या.
म्हातारा झारेकरी दोन रात्री माती धूत बसला.
राख, केस, टिकल्या, एक दुधाचा दात,
आणि मग तळाशी.
मजुरी विचारली तर हात पुसत म्हणाला,
लिही, मिळाली.

मशीन सुरू केलं त्या दिवशी
मी मुद्दाम पैंजण नेलेलं.
वाजवलं.
ती रडली. इतकी, की बाईंनी आवाज खाली आणला.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, बरं झालं.

आठ महिने झाले.
आई म्हणत नाही अजून. ठक म्हणते,
बहुतेक हातोडीला.
रात्री कानामागचं काढून उशीखाली ठेवते
आणि आपल्या जुन्या घरी जाते, दार लावून.
तिथं कुणाची वर्गणी पोचत नाही.

सकाळी ढिगाशी बसते.
एकेक घुंगरू कानाशी नेऊन हलवते,
वाजणारं इकडं, मुकं तिकडं.
मुकी टाकत नाही. फ्रॉकच्या खिशात भरते.
संध्याकाळी शेठचा काटा चार ग्रॅम कमी दाखवतो.
मी घटीत लिहून देते.