दाराखालची वायर

रविवारी दुपारी, भांडी निथळत ठेवून,
मी घरातल्या वायरींचा वेग बघायला बसले.
वायफायचा नाही. तो सगळेच बघतात,
कपाळाला हात लावून ताप बघावा तसा.
मला बघायचं होतं ते भिंतीच्या कडेने गेलेलं,
क्लिपांनी दाबून धरलेलं.

तीन पांढरे डबे आहेत आमच्याकडे.
एक टीव्हीखाली, एक पॅसेजात वॉशिंग मशीनच्या वर,
तिसरा निनादच्या खोलीत.
कन्नमवार नगरातली नवी इमारत, एकोणिसावा मजला,
बिल्डरने भिंती अशा ओतल्यात
की हॉलमधली हाक आत पोचत नाही,
तिथे लहरींची काय कथा.
म्हणून डबे एकमेकांना वायरने बांधले,
जूनमध्ये, मीच.

फोनवर घराचा नकाशा उघडला. तिन्ही ठिपके हिरवे.
सगळं उत्तम, असं लिहिलेलं,
निनाद म्हणतो तसं, दाराच्या फटीतून ताट घेताना.
ठिपक्याच्या पोटात शिरलं की आकडा दिसतो.
हॉल ते पॅसेज, हजार.
पॅसेज ते निनाद, शंभर.

शंभर म्हणजे तुटलेलं नव्हे.
सिनेमा दिसतो, मेल जाते, कुणी तक्रार करत नाही.
वायरीत आठ तारा असतात, हजाराला आठही लागतात.
त्यातली एखादी दगावली
तर दोन्ही टोकं आपसात काय ते ठरवतात
आणि उरलेल्या चारांवर संसार रेटतात.
लाल दिवा कुठेच लागत नाही.

मी आधी डब्यावर संशय घेतला, मग भोकावर.
भोक बदललं. शंभर.
लॅमिंग्टन रोडच्या अब्बासभाईंना फोन लावला.
बाई, डबा सोडा, म्हणाले,
वायरीवर बोट फिरवा.

तर गुडघ्यांवर आले.
मशीनच्या मागून निघाले बोट टेकवत,
क्लिप तीन, क्लिप चार, जळमट, एक जुनी टिकली,
आणि निनादच्या दारापाशी, बिजागरीच्या अंगाला,
बोट खळग्यात गेलं.
दार आणि चौकट मिळून वायर चावत होते.
नारिंगी शाबूत, हिरवी शाबूत,
निळी मोडलेली,
तपकिरी केसावर लोंबत.

जूनमध्ये हे दार लागतच नसे.
इस्त्रीचं टेबल टेकलेलं असायचं त्याला.
वायर टाकताना मी दार धरलंच नव्हतं हिशेबात.
सीएचा निकाल नंतर आला. दुसऱ्यांदा.

आत खुर्चीची चाकं सरकली.
काय करतेस?
स्पीड बघतेय.
चालतंय की नेट.
चालतंय रे.

दार उघडं ठेवत जा, हे वाक्य
ओठांपर्यंत आलं होतं, खोटं कशाला बोलू.
मी उठून बाबांची पटाशी काढली
आणि चौकटीच्या पायाशी खाच पाडायला घेतली,
वायर अंग चोरून जाईल एवढी.
लाकूड म्हणून विकलेलं ते, आत भुसाच निघाला.

ठोकण्याने तो बाहेर आला. काही बोलला नाही.
फोनचा टॉर्च धरून उकिडवा बसला,
दाढी वाढलेली, पायात वेगवेगळे मोजे.
मी नवी वायर सोलली, रंग लावत गेले,
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा...
निळा, तो म्हणाला. चौथा निळा.
हिरव्याची जोडी फोडून मधे निळी बसते.
तुला कसं ठाऊक?
तू जूनमध्ये मोठ्याने म्हणत होतीस, पाढ्यासारखं.

पहिलं टोक वाया गेलं. दुसरं बसलं.
आता आत जा, म्हटलं, आणि दार लाव.
लावू?
नीट लाव. रोज लावतोस तसं.
लागलं. चौकट थरथरली.
मी जमिनीवर बसून आकड्याची वाट बघत राहिले.
आतून विचारलं त्याने, किती?
हजार, म्हटलं.
बरं, म्हणाला.

दार नंतर बराच वेळ बंदच होतं.
मी रंगीत तुकडे वेचले,
खाचेतला भुसा फुंकला,
आणि भांडी पुसायला गेले.