एकशे ऐंशीवर वीस मिनिटं

"भट्टीत?" मथुरा तांडेलनं कोयता वरच्या वर थांबवला.
"हलवा, आणि भट्टीत?
मग पाव घे गो, म्हावरं कशाला नेतेस!"
तरी चिरा मारून दिल्या दोन्ही कुशींना,
तिरक्या, बोटभर अंतरानं,
आणि डोकं ठेवलं.
मी सांगितलं म्हणून नाही,
पप्पांना ओळखते म्हणून.

केळीचं पान देवळाबाहेरच्या फुलवाल्याकडून.
पूजा आहे का, त्यानं विचारलं.
हो म्हटलं.

पप्पांच्या छातीवर फेब्रुवारीपासून एक उभी शिवण आहे,
आणि फ्रिजवर चुंबकाखाली कागद:
तळलेलं बंद.
खाली दोन रेघा.
दुसरी आईनं मारलेली.

ओव्हन माझा.
परळच्या घरातून मी एवढाच उचलून आणला,
बाकीचं त्याला राहू दिलं.

आलं, लसूण, मूठभर कोथिंबीर, चार मिरच्या,
आमसुलाचं पाणी, हळद.
तेल एक चमचा.
आईनं तो चमचा उजेडाकडे धरून पाहिला,
खोकल्याचं औषध मोजतात तसा.
मसाला चिरांत भरला, पान दुमडलं,
दार लावलं, काटा फिरवला.

मग काहीच नाही.

"आवाज कुठाय?" पप्पांनी हॉलमधून विचारलं.
त्रेचाळीस वर्षं ते तव्याच्या चर्र वर पेपर मिटत आले,
दुसऱ्या चर्र वर हात धुऊन पाटावर.
आता येऊन उभे राहिले ओव्हनसमोर,
काचेतून आतला पिवळा दिवा बघत,
मॅच बघावी तसे.
"हा मासा झोपलाय."

आई मात्र बसली.
टेबलाशी, आमच्याबरोबर, जेवणाच्या वेळेला.
काय करावं ते तिला कळेना.
पाण्याचे पेले सरळ केले, पुन्हा सरळ केले,
एकदा उठली, गॅसपाशी गेली,
गॅस पेटलेला नव्हता,
परत आली.
तेव्हा दिसलं, तिच्या मांडीवर उलथनं आहे.
ते कधी उचललं, तिलाही ठाऊक नव्हतं.

मी आठवून पाहिलं:
गरम तुकडा ताटात टाकून परत वळलेली पाठ,
रवा लागलेली मनगटं,
आणि सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्यानं
शेपटीकडचं काहीतरी.
आईचा जेवतानाचा चेहरा
मला समोरून आठवेना.

टिंग.

पान उघडलं. वाफ आधी पप्पांच्या चष्म्यावर बसली,
मग चिरांतून हिरवा मसाला उकलला,
काटा एका ओढीत सुटला.
पप्पांनी घास घेतला, चावला, छताकडे पाहिलं.
आम्ही दोघी थांबलो.
"मीठ बरोबर आहे," म्हणाले.
मग जरा वेळानं, अगदी गंभीरपणे,
तोंडानंच:
"चर्र."

आईनं उलथनं उगारलं.
हसता हसता तिच्या घशात भात गेला,
पप्पा उठले, पाणी आणायला,
आणि पेले कुठे ठेवतात ते विचारलं.

"समोरच आहेत," आई म्हणाली,
डोक्याकडचा तुकडा स्वतःच्या ताटात ओढत.