खडूची ओली रेघ

जानेवारीत येतो मी, पंप झोपलेले असतात तेव्हा.
पश्चिम कॅन्ससमधल्या चौऱ्याण्णव विहिरी माझ्या वाट्याला.
गाडीत पोलादी टेप, निळ्या खडूचे तुकडे,
थर्मासमध्ये कालचीच कॉफी.

व्हर्ना ड्रायलिंगची विहीर अडतिसावी.
विहीर कसली, वीतभर तोंडाचं भोक,
वाकून पाहिलं तर स्वतःचा चेहराही दिसत नाही.
टेपच्या टोकाला मी खडू फासतो
आणि सोडत जातो,
खाली,
आणखी खाली,
जिथलं पाणी मुरलं तेव्हा
या मैदानाला कुणी नाव ठेवलं नव्हतं.
मग गुंडाळत वर.
जिथवर खडू ओला, तिथवर पाणी.
बाकी सगळं कोरडं निळं.

ती नवऱ्याचा कोट घालून शेजारी उभी राहते.
किती, म्हणून विचारत नाही.
शेडच्या दारामागे पेन्सिलीने आकडे आहेत,
वरचे आर्नल्डच्या हातचे, खालचे तिच्या:
एकशे एकोणीस फूट. एकशे एकवीस. एकशे चोवीस.
पोरांची उंची लिहितात तसेच,
फक्त इथे वाढलेलं कुणाला नको असतं.

सात वर्षांमागे चर्चच्या तळघरात एकवीस घरं बसली.
बीन्सचं सूप होतं, आणि भांडण.
लेलंड शूमाखर दोनदा उठून गेला, दोनदा परत आला,
टोपी विसरली म्हणाला. टोपी डोक्यावरच होती.
रात्री अकराला ठरलं:
प्रत्येकाने उपसा पाचव्या हिश्शाने कमी करायचा.
सह्या झाल्या. सूप गार झालं होतं.

तेव्हापासून तिचा पिव्हट बदललाय.
पाव मैलाचा तो लोखंडी हात अजून फिरतो गोल,
चौकोनी शेतात हिरवी भाकरी थापत,
पण टोकाची तोफ तिने बंद केली,
जी रस्त्याला, टपालपेटीला, उन्हालाही पाणी पाजायची.
आता नळ्या लोंबतात, जमिनीवरून फरफटतात,
मुळापाशी थेंब ठेवत जातात.
चारी कोपरे कोरडे सोडलेत.
तिथे जुनं गवत परत आलंय, न विचारता.

अर्ध्या रानात मका मोडून ज्वारी धरली.
इथे ज्वारी माणसं खात नाहीत,
गुरांना जाते, नाहीतर इथेनॉलच्या कारखान्याला.
तिने एकदा मूठभर शिजवून पाहिली.
"वाईट नाही," म्हणाली, "पण जबडा पाहिजे."

मातीत खुपसलेल्या तीन सळया
रात्री फोनवर ओल कळवतात.
ती आकडा वाचते, बूट चढवते,
जाऊन टाच रुतवून बघते.
वाफसा टाचेला कळतो, हे तिचं म्हणणं.
हल्ली टाच आणि आकडा जुळतात
आणि याचा तिला जरा रागच येतो.

नात ब्रिन सांगते, थोड्या वर्षांनी
पाइप स्वतःच ठरवेल कधी, कुठे, किती.
उपग्रह वरून पानांचा ताप बघेल,
आपण झोपायचं.
"आणि कमी पडलं," व्हर्ना विचारते,
"तर भांडायला कुणाकडे जायचं?
उपग्रहाला टोपी असते का?"

आज टेप वर आली.
एकशे एकतीस फूट, चार इंच.
गेल्या वर्षी एकतीस फूट, एक इंच.
पाणी वर चढलेलं नाही. कमी उतरलंय.
तीन इंच, तर्जनीच्या उंचीचं नुकसान.
पूर्वी हेच कंबरेइतकं असायचं.

ती पेन्सिल शोधते, खिशात, कानामागे,
सापडत नाही, माझी घेते.
दरवर्षी दटावतो मी, रेघेला हात लावू नका.
या वेळी तिने ऐकलं नाही.
ओल्या खडूवर अंगठा टेकवला,
जिभेला लावला,
निळ्या जिभेने म्हणाली,
"गार आहे."

पुढची विहीर लेलंडची.