किती रात्री

जावयाने फोनवर यादी पाठवली:
स्टेशनपासून चारशे मीटर, तीन तारे, नाश्ता धरून.
सहाशे मीटर, दोन तारे, लिफ्ट लहान.
चेत्तीना म्हणाली, रुळांच्या अंगाला मुळीच उतरू नकोस,
पुलाखालून रात्री एकटीनं जायचं नाही.
एकटी कुठे, म्हटलं, साव्हेरिओ आहे ना.
ती जरा थांबली.
मग म्हणाली, हो. तो आहेच.

पाओलाहून रात्रभर बसून आम्ही मिलानला उतरलो.
हे स्टेशन माणसांसाठी बांधलंय असं वाटत नाही,
आपलाच आवाज परत यायला वेळ लावतो.
साव्हेरिओने मान वर करून लोखंडी कमानी पाहिल्या
आणि टोपी काढली,
चर्चमध्ये काढतो तशी.
चौतीस वर्षं सिग्नलच्या केबिनमध्ये काढलेला माणूस.

पहिल्या हॉटेलात पितळी कठडा, गालिचा.
काउंटरवरच्या मुलीने आमच्या खोक्याकडे पाहिलं,
सुतळीने बांधलेलं, आत तेलातल्या वांग्यांच्या दोन बरण्या,
एक डॉक्टरीणबाईंसाठी.
तिने भाव सांगितला.
मी म्हटलं, जरा बघून येते,
चपलांच्या दुकानातून निघताना म्हणतात तसं.

दुसरं स्वस्त होतं. चौथा मजला, लिफ्ट बंद.
चढेन की, साव्हेरिओ म्हणाला,
आणि पहिल्याच वळणावर थांबून
भिंतीवरचा नकाशा वाचू लागला,
आग लागली तर कुठून पळायचं त्याचा.
फार लक्ष देऊन वाचत होता.
मीही शेजारी उभी राहून वाचला,
त्याचा श्वास जाग्यावर येईपर्यंत,
मग आम्ही खाली उतरलो.

तिसरं यादीत नव्हतंच.
लाँड्री आणि बॅगांचं दुकान, त्यांच्या मधे एक दार.
काउंटरवर इहाब, मन्सुराहून आलेला,
वीस वर्षं इथला, मिलानचं इटालियन माझ्याहून बरं बोलणारा.
दोन खोल्या उरल्यात, म्हणाला.
एक अंगणाकडची, शांत.
एक रुळांकडची, अकरा युरो कमी, लोक तक्रार करतात.
शांतच हवी, उद्या साडेसातला उपाशीपोटी बोलावलंय,
हे मी म्हणणार तेवढ्यात
रुळांकडची, साव्हेरिओ म्हणाला.
सकाळपासूनचा त्याचा पहिला ठाम शब्द.

किती रात्री?

केवढासा चौकोन रजिस्टरमधला.
एकोणतीस वर्षं मी पोस्टाच्या खिडकीतून लोकांना सांगत आले,
रकाना रिकामा ठेवू नका, फॉर्म परत येतो.
साव्हेरिओ माझ्याकडे बघत होता, मी इहाबकडे,
इहाब भिंतीवरच्या किल्ल्यांकडे.
मग त्याने पेन खाली ठेवलं
आणि कानामागची पेन्सिल काढली.
हॉस्पिटलवाल्यांचं मी पेन्सिलीनंच लिहितो, म्हणाला.
तीन लिहिला. फिकट.

खिडकी नीट लागत नाही.
एक बरणी पाझरली, नेमकी चांगल्या शर्टावर,
उद्या घालायच्या.
साव्हेरिओ अंधारात घड्याळ उशाशी घेऊन पडलेला,
एकेक गाडी ओळखतो,
ही व्हेनिसची. ही रिकामी, यार्डात चाललीय.
ही चार मिनिटं उशिरा,
असं म्हणताना आवाजात केवढं समाधान.
चूक दुसऱ्या कुणाची तरी होती.
पुढची गाडी यायच्या आत झोपला.

मी बेसिनमध्ये शर्ट घासते आहे,
हॉटेलच्या बिस्किटाएवढ्या साबणाने.
तेल जात नाही.
खाली दिव्याखाली एक नवरा-बायको थांबलेत,
दोन बॅगा, हातात फोन,
एकदा पाटीकडे बघतात, एकदा फोनमधल्या ताऱ्यांकडे.
बाई जिना किती आहे ते डोकावून बघते.
शर्ट तसाच पाण्यात सोडून
मी अर्धी खिडकी उघडते
आणि आमच्या गावाकडच्या आवाजात ओरडते:
लिफ्ट चालू आहे!