इतर माहिती

भोसरीत, लांडेवाडी चौकाच्या अलीकडे,
झेरॉक्सच्या दुकानाशेजारचा जिना चढला की आमची एजन्सी.
पाटीवरच्या 'प्लेसमेंट'मधला 'प्ले' उडालाय,
उरलंय 'समेंट'.
एक जण खरंच वर येऊन गेला
पोत्याचा भाव विचारायला.

मीही आले होते नोकरी मागायलाच.
मोरवाले सर म्हणाले, मराठी टायपिंग येतं ना?
मग जागा निघेपर्यंत इथेच बस.
त्याला चार वर्षं होतील येत्या संकष्टीला.
माझा फॉर्म खालच्या ड्रॉवरात आहे,
शेरा: विचाराधीन.

दिवसभर मी माणसं रकान्यांत बसवते.
नाव. आडनाव आधी.
उंची, कारण काही मशीनं उंच असतात.
लग्न झालंय का, कारण सर म्हणतात विचारायचं.
अपेक्षित पगार.
इथे सगळेच थोडा वेळ खिडकीबाहेर बघतात.
इरफान बागवान, आयटीआय, वेल्डर, त्याने लिहिलं 'योग्य तो'.
खिलारेबाईंनी विचारलं, किती लिहिलं म्हणजे घेतात?
आणि मग हळूच,
रात्रपाळीची बस मोशीत गल्लीपर्यंत येते
की हायवेलाच सोडते,
कारण पुढे दिवे नाहीत.
याला रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं.

बुधवारी आले सोनटक्के. दिगंबर.
वय अठ्ठेचाळीस लिहा म्हणाले,
मग स्वतःच म्हणाले, नको, एक्कावन्नच लिहा,
आधार कार्ड बोंब मारेल.
बावीस वर्षं एकाच कंपनीत फिटर.
कंपनी गुजरातला गेली,
हे आकुर्डीत राहिले.
आमच्या कॉम्प्युटरात अनुभव दहापर्यंतच जातो,
त्यापुढे तो अधिकचं चिन्ह लावून गप्प बसतो.
म्हणजे बारा वर्षं त्या एवढ्याशा खुणेत.

इतर माहिती? मी विचारलं.
इथे लोक क्रिकेट लिहितात, वाचन लिहितात.
ते काही बोलेनात.
टेबलावरच्या काचेच्या कडेवरून अंगठा फिरवला,
पीठ कसं दळलंय बघावं तसा,
आणि म्हणाले, पाच.
साडेपाच म्हणून विकली असेल तुम्हाला.

ते गेल्यावर मी पट्टी लावली.
पट्टीला काय कळतंय.
झेरॉक्सवाल्याचा भाऊ लेथवर असतो,
त्याच्याकडून व्हर्नियर मागवला.
पाच.
मग मी टाइप केलं,
इतर माहिती: हाताला जाडी कळते.
सरांनी खोडलं.
अगं, क्लायंट हसतील, म्हणाले,
त्यांना माणूस गेटवर हवाय.

तर चाकणला, गेटवर. बारा तास.
निळ्या शर्टाचे पैसे पहिल्या पगारातून,
आमचे दुसऱ्यातून,
बुटांचे कधीपर्यंत ते मलाही ठाऊक नाही.
हे मी त्यांना वाचून दाखवलं नाही.
सही कुठे करायची तेवढं दाखवलं.

परवा त्यांचा फोन आला.
तिसऱ्या शेडमधलं एक मशीन कण्हतंय, म्हणाले,
गेटपर्यंत ऐकू येतं, बेअरिंग गेलंय,
आठवडा काढणार नाही.
सांगितलंत का कुणाला?
सांगितलं की.
तो म्हणाला, काका, शिट्टी कुठाय तुमची?

आता पगाराचं काढतील, मला वाटलं,
निदान बुटांचं तरी.
मी सरांचं ठरलेलं वाक्य जिभेवर आणून ठेवलं,
'कंपनीकडूनच उशीर आहे'.

ते म्हणाले, ताई, ती काच बदलली का?
तुम्ही डावं कोपर टेकवता ना,
तिथे केसाएवढा तडा आहे.
त्या अंगाला भार देऊ नका.

मी कोपर उचललं.
फोन ठेवून बोट फिरवून पाहिलं,
एकदा या बाजूने, एकदा त्या.
मला काही लागलं नाही.
समोर एक पोरगा कधीचा उभा होता,
प्लॅस्टिकच्या पिशवीत मार्कशीट धरून.