परंतु असे की

मसुदा मंगळवारी आला, शुक्रवारपर्यंत मराठीत हवा.
एकशे बारा पानं, वर शिक्का : गोपनीय.
कोथरूडात, तिसऱ्या मजल्यावर,
इस्त्रीला द्यायच्या कपड्यांशेजारी
मी देशाचं तेल उघडून बसले.

पहिली अडचण विहीर.
मसुदा म्हणतो, विहीर म्हणजे शोधासाठी, उत्पादनासाठी
किंवा पुन्हा आत सोडण्यासाठी पाडलेलं कोणतंही छिद्र.
मराठीत विहिरीला पायऱ्या असतात,
तळाशी कासव असतं,
कुणीतरी वाकून एकदा हाक मारून पाहिलेली असते.
मी विहीरच ठेवली
आणि समासात पेन्सिलनं लिहिलं : पाणी नव्हे.

आमच्या खाली तेल नाही.
लाव्ह्यावर लाव्हा, त्यावर लाव्हा, त्यावर पार्किंग.
सोसायटीच्या बोअरला चारशे दहा फुटांवर
राखाडी भुकटी लागली, आणि ठराव झाला
की टँकरचे पैसे सर्वांनी सारखे द्यावेत;
परंतु असे की, बंद फ्लॅटवाल्यांनी निम्मे.
कायदा कसा जन्मतो ते मी तिथं पाहिलंय,
चहा गार होईस्तोवर.

बुधवारी शब्द संपले तेव्हा वर गेले, आगट्यांकडे.
बत्तीस वर्षं समुद्रात, फलाटावर.
चौदा दिवस पाणी, चौदा दिवस घर.
विचारलं, वर जाळून टाकतात त्या वायूला
तुम्ही लोक काय म्हणायचात?
म्हणाले, दिवटी.
रत्नागिरीकडची पोरं होती बरीच. बोटीतून लांबून दिसली
की म्हणायची, दिवटी आली, आता जेवण गरम.
मी लिहिलं होतं :
अतिरिक्त वायूची ज्वलनाद्वारे विल्हेवाट.

त्यांच्या कपाटात, विम्याच्या कागदांपुढे,
खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली.
आत काळं नाही. हिरवट, मधासारखं जड.
सत्त्याऐंशी सालचं, म्हणाले, सात नंबरच्या विहिरीचं.
दिगंता बोरगोहाईननं भरली, मी बूच लावलं.
दिगंताचं पुढं काय, ते सांगितलं नाही.
बाटली जराशी तिरकी केली,
तेल सावकाश एका अंगाला आलं.

कलम चार तोवर मला पाठ झालं होतं :
भूमीखालील व सागरतळाखालील सर्व खनिज तेल
संघराज्याच्या ठायी निहित असेल.
ठायी.
हा शब्द आता आपण दोघांसाठीच काढतो,
देव आणि सरकार.

मी म्हणाले, काका, ही बाटली देशाची आहे.
ते हसले. मग हसायचे थांबले.
शिक्षा किती?
शिक्षा एकतिसाव्या कलमात.
मी अजून अठराव्यावर आहे.

अठरावं नुकसानभरपाईचं.
उभं पीक, फळझाडं, कुंपण, बांध,
मासेमारीची जाळी, फाटलेली किंवा वाहून गेलेली.
फार नीट लिहिलंय, कुणीतरी जाळ्याला हात लावून पाहिलेला दिसतो.
माणूस यात नाही.
तळटीप सांगते, माणूस दुसऱ्या कायद्यात आहे.

गुरुवारी रात्री, मला कसला अधिकार नसताना,
कलम चारखाली मी टंकलं :
परंतु असे की, पन्नास मिलिलिटरहून कमी तेल
जे कुणी मित्रासोबत बाटलीत भरले असेल
ते त्याच्याच ठायी राहील.

वाचून पाहिलं. भाषा अचूक होती.
बाकीच्या मसुद्यात ते वाक्य परकं वाटत नव्हतं,
याचीच भीती वाटली.
वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज,
मग नळ, मग काही नाही.

शुक्रवारी अकराला फाइल पाठवली.
बावीसमध्ये एके ठिकाणी दिवटी राहू दिली आहे,
तपासणारा झोपाळू असला तर टिकेल.
चारखालचं वाक्य खोडलं.
सतरा शब्द कमी भरले.
त्यांचे पैसे मिळणार नाहीत.